वनिताचा विटांचा फ्रीज

वनिता, तू सहा महिने बोलावत होतीस तेव्हा मी शहाडला आले नाही. आले ती थेट तुझ्या दहाव्याला.

नदीवरचं सगळं आटोपून मंडळी रेश्माच्या घरी परतली होती. तुझ्या मुलीचं घर मी पहिल्यांदाच बघत होते, पण रस्ता कुणाला विचारावा लागला नाही. तू फोनवर कितीदा तरी सांगितला होतास. पिठाच्या गिरणीवरून आत वळायचं, निळा दरवाजा. दारात चपला मावत नव्हत्या. रेश्मा मला बघून पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, आलात." एवढंच. त्यात टोमणा नसेलही. मला तो ऐकू आला.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेय. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत उभी असताना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शुभे, तोंडानं बोल गो, मना ऐकू येत नाय." म्हणून लिहायला बसले. ठाण्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी आयुष्यभर लिहीतच आले, पण ते सगळं 'उपरोक्त विषयास अनुसरून' असलं. तसल्याच भाषेत मी तुझा घात केला, म्हणून आज जरा साधं लिहायचा प्रयत्न करते.

मी रिटायर होऊन दिव्याला आपल्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, तेव्हा तू तळमजल्यावर आधीपासून होतीस. आधीपासून म्हणजे बिल्डिंगच्याही आधीपासून. आज पंपरूम आहे तिथे तुझ्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती, असं तू सहज सांगायचीस, तक्रार म्हणून नाही. जमीन बिल्डरला गेली, भावकीत वाटण्या झाल्या आणि तुमच्या वाट्याला तो तळमजल्याचा फ्लॅट आला. नवरा लवकर गेला. मग तू कोलशेतच्या बाजूला एका फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागलीस आणि बावीस वर्षं तिथे फळं निवडलीस.

"निवडलीस म्हणजे काय करायचीस?" मी एकदा विचारलं होतं.

"उद्या कोन सडनार ते आज वळखायचं," तू म्हणालीस. "मशीन रंग बघतं, वजन बघतं. वास घ्यायला मानूसच लागतो."

मला ती बढाई वाटली होती. मग एक दिवस बाजारातून येताना तू माझ्या पिशवीत हात घातलास, न बघता चार पेरू बाहेर काढलेस आणि म्हणालीस, हे आज खा, बाकीचे परवा. मी मुद्दाम उलटं केलं. तुझे चारही पेरू दुसऱ्या दिवशी आतून तपकिरी निघाले. तुला सांगितलं मात्र नाही. आपल्या दोघींत ही सवय माझीच होती, न सांगण्याची.

आपलं पहिलं मोठं भांडण सीताफळांवरून झालं. तू मला सहा सीताफळं दिली होतीस, अर्धवट पिकलेली, चांगली डोळे उघडलेली. मी ती जपून फ्रीजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी काळी पडली आणि आतून पिठूळ झाली. मी तुझ्या दारात येऊन तणतणले की कसली फळं दिलीस.

"फ्रीजमधे टाकलीस?" तू कपाळावर हात मारलास. "सीताफळाला थंडी सोसत नाय. केल्याला बी नाय. तू ठेवली नायस गो, मारलीस ती."

"अगं, फ्रीज असतो कशासाठी मग?"

"फ्रीज तुझ्यासाठी असतो. फलासाठी नाय. फल तोडलं तरी जित्तं असतं. श्वास घेतं, घामाघूम होतं, सुकतं. त्याला सावली पायजे, थोडा गारवा पायजे, ओल पायजे. बर्फ नाय पायजे."

मी तुझ्याशी अर्धा तास वाद घातला. मला वाटायचं, फळ खायचं तर ताजं खावं, टिकवायची एवढी धडपड कशाला? तुझं उत्तर मला आवडलं नव्हतं. तू म्हणालीस, "तुला काय, तू संध्याकाळी उशिरा जातेस स्टेशनला. मंगलचा माल नरम पडलेला असतो, तिला घरी जायचं असतं, तू म्हनशील त्या भावात देते. फल टिकलं असतं तर तिनं तुला दिलं असतं का?"

मंगल म्हणजे स्टेशनच्या रस्त्याला टोपली घेऊन बसायची ती. पहाटे कल्याणच्या मार्केटातून माल आणायची आणि दुपारच्या उन्हात तो डोळ्यांदेखत उतरायचा. मी तिच्याकडून रोज संध्याकाळी घ्यायचे आणि घासाघीस केल्याचा मला अभिमान होता. तू ते बोललीस आणि मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तू भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन वर आलीस, जसं काही झालंच नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा बंगलोरला, सुनेचं बाळंतपण. तू दिवसातून चारदा जिने चढून माझ्या डोळ्यात थेंब घालायला यायचीस. गुडघे दुखत असताना. "वर बघ, पंख्याकडं बघ," म्हणायचीस, आणि थेंब पडेपर्यंत माझी हनुवटी धरून ठेवायचीस. तुझ्या बोटांना कायम कुठल्या ना कुठल्या फळाचा वास असायचा. त्यावेळी मी तुला एकदाही थँक्यू म्हटलं नाही. तुला म्हणायचं म्हणजे विचित्र वाटलं असतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

फ्रीज बांधायचं तुझ्या डोक्यात फेब्रुवारीत आलं. कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी कृषी खात्याचा माणूस एकदा दाखवून गेला होता, तो नकाशा तुझ्या डोक्यात इतकी वर्षं राहिला होता. बिल्डिंगमागे पंपरूमच्या आडोशाला, जिथे दिवसभर सावली असते, तिथे तू विटांचा ओटा घातलास. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मध्ये वीतभर जागा. त्या जागेत वाळू भरायची आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वर बांबूच्या चटईचं झाकण, त्यावर ओलं गोणपाट. बस. वीज नाही, मोटर नाही. वाळूतलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. माठासारखंच, तू म्हणालीस, फक्त माठात पाण्याऐवजी मंगलचे चिकू.

मी सोसायटीची सेक्रेटरी होते. परवानगी मी तोंडी दिली होती, हे आज लिहून ठेवते, कारण नंतर मी ते कुठेच लिहिलं नाही.

दिव्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते तुला मी काय सांगू. नळाला धार आली तर आली, नाहीतर टँकर. म्हणून तू वाळूसाठी टाकीतलं पाणी कधी घेतलंच नाहीस. घराघरातल्या पाण्याच्या फिल्टरमधून जे फुकट वाहून जातं ते तू बादल्या ठेवून गोळा करायचीस. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं गाळून घ्यायचीस. चौथ्या मजल्यावरची मी, सकाळी माझी बादली जिन्यात ठेवायचे आणि तू ती न्यायचीस.

पहिल्या दिवशी आपण परीक्षा घेतली, आठवतं? मंगलच्या एकाच टोपलीतले चिकू, निम्मे माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर, निम्मे तुझ्या फ्रीजमध्ये. माझे तिसऱ्या दिवशी मऊ पडून सुरकुतले. तुझे आठवडा झाला तरी बोटाला दाद देत नव्हते. मंगल बघायला आली. चिकू हातात घेऊन तिने उलटसुलट केला, वास घेतला आणि एकदम खाली बसून रडायलाच लागली. आपण दोघी घाबरलो. "काय झालं गो?" तू विचारलंस. ती म्हणाली, "काही नाही. किती टाकला असेल आजवर, ते आठवलं."

मग आणखी तिघी आल्या. पिशव्यांवर सुतळ्या बांधून खुणा केल्या, लाल मंगलची, हिरवी दुसरीची. तुझे नियम कडक होते. देठ तुटलेलं फळ आत जायचं नाही. धुतलेलं ओलं फळ जायचं नाही. केळी कुणाच्या शेजारी ठेवायची नाहीत, ती बाकीच्यांना घाईने पिकवतात. उन्हातून आलेली टोपली आधी तासभर सावलीत. आणि फळ टाकायचं नाही, ठेवायचं. "लेकराला ठेवतेस तसं," म्हणायचीस. त्या उन्हाळ्यात मंगल दुपारी घरी जाऊन जेवून यायला लागली. संध्याकाळी मी भाव करायला गेले तर हसून म्हणाली, "नाही परवडत मावशी. उद्या विकेन की."

मला राग आला होता, वनिता. खरं सांगते. तुझं कौतुक होतंच, पण त्याच्याखाली हा बारीकसा रागही होता.

पावसाळ्यात तू स्वतःच बंद केलंस. हवेतच ओल, तर वाळूतलं पाणी उडणार कसं, असं तू समजावलंस आणि झाकण काढून ठेवलंस. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर पुन्हा सुरू केलंस. सीताफळं आली होती. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नितीनच्या मुलीला, आर्याला, डेंगी झाला.

सहा वर्षांची पोर. तिला कल्याणला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. नितीन आणि त्याची बायको आळीपाळीने जात होते. बिल्डिंगमध्ये सगळे हादरले. पालिकेची माणसं धूर मारून गेली आणि सांगून गेली की पाणी कुठे साठतंय ते बघा.

मी बघितलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे कामावर असताना, मी टॉर्च घेऊन खाली गेले. जमिनीखालच्या टाकीच्या लोखंडी झाकणाचा कोपरा पावसाळ्याच्या आधीपासून तुटलेला होता. तीन जणांनी मला सांगितलं होतं. कोटेशन मागवते, मागवते, म्हणत मी चार महिने घालवले होते. त्या भोकातून मी टॉर्च मारला. स्वच्छ पाणी, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. टँकरचं, आपण सगळे भरायचो तेच पाणी.

तिथून मी पंपरूमच्या मागे तुझ्या फ्रीजकडेही गेले. मन सांगत होतं की तिथेही काही सापडू दे. मी वाळूत बोटं घातली. ओली होती, पाणी कुठेच साठलेलं नव्हतं. विटांच्या सांध्यात बघितलं, ओट्याच्या कडेने बघितलं. काहीच नाही. आत मंगलची सीताफळं होती, लाल सुतळीची.

संध्याकाळी गच्चीवर मीटिंग होती. नितीन हॉस्पिटलमधून थेट आला होता, दाढी वाढलेली. मी टाकीचं सांगायचं ठरवून वर गेले होते. माझ्या वहीत तसं लिहिलंही होतं. पण नितीन बसायच्या आधीच बोलायला लागला, "मागे ती ओली वाळू कशाला ठेवलीय? बाहेरच्या बायकांचा माल आपल्या बिल्डिंगमध्ये कशाला?" आणि मग सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं वास येतो, कुणी म्हणालं उंदीर होतील. पाणी नाही प्यायला आणि वाळूला घालतात, असंही कुणीतरी म्हणालं.

तू उभी राहिलीस. "माझ्या वाळूत पानी थांबतच नाय. या, चला खाली, दाखवते सगल्यांना."

कुणी उठलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस. "शुभाला विचारा. तिनं रोज बघितलंय."

वनिता, तेव्हा मी वही उलटी केली. मी म्हणाले, "अशा परिस्थितीत कमिटीला काळजी घ्यावीच लागेल." एवढंच वाक्य. मग ठराव मीच लिहिला, माझ्या सुंदर अक्षरात: 'डासांच्या उत्पत्तीस कारण ठरणारे पंपरूममागील अनधिकृत बांधकाम तात्काळ काढून टाकण्यात यावे.' 'कारण ठरणारे' हे शब्द कुणी सांगितले नव्हते. ते माझे.

तू ओळीखालून बोट फिरवत तो ठराव वाचलास आणि सही केलीस. मी वाट बघत होते की तू माझ्यावर ओरडशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या विटा तूच काढल्यास. मजूर बोलावला होता, त्याला तू हात लावू दिला नाहीस. मी खिडकीतून बघत होते. मंगल आली, तिने लाल सुतळीची पिशवी उचलली आणि काही न बोलता गेली. दुपारी तू माझ्या दाराशी आलीस. मला वाटलं, आता. तू म्हणालीस, "शुभे, वाळूत नव्हतं ते कुठनं आलं, तेवढं शोध. पोरं हायेत बिल्डिंगमधे."

मी त्याच आठवड्यात टाकी साफ करून घेतली आणि नवं झाकण बसवलं. नोटीस लावली: वार्षिक स्वच्छता. आर्या घरी आली, बरी झाली. कुणी काही विचारलं नाही. तू एकदा बाजारातून येताना टाकीपाशी थांबलीस, चपलेने झाकण ठोकून बघितलंस आणि म्हणालीस, "नवं बसवलंस. बरं केलंस." तुझ्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. तुला तेव्हाच समजलं होतं का? हा एक प्रश्न मी रोज उलटापालटा करते. समजलं असेल तर तू मला सोडून दिलंस. समजलं नसेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. यातलं कुठलं मला जास्त झोंबतं, तेही ठरत नाही.

डिसेंबरात तू शहाडला मुलीकडे गेलीस. गुडघ्यांचं कारण सांगितलंस. जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवलीस, दुसऱ्या कुणाकडे नाही.

मग तुझे फोन. रेश्माच्या घरामागच्या अंगणात तू पुन्हा छोटा फ्रीज बांधलास. तिथे विहिरीचं पाणी होतं. "ये ना गो बघायला. द्राक्षं कशी राहिलीत बघ." मार्चमध्ये, "ये ना." एप्रिलमध्ये आंबे आले तेव्हा, "हापूस ठेवलेत तुझ्यासाठी, किती दिवस धरू?" मी म्हणायचे, येते, ऊन कमी झालं की येते, नातवाचे फोन असतात, सोसायटीचं ऑडिट आहे. खरं कारण असं की तुझ्यासमोर, त्या ओल्या वाळूसमोर मला उभं राहता आलं नसतं. तिथे आले असते तर मी बोललेच असते. आणि बोलायचं नव्हतं म्हणून आले नाही.

मे महिन्यात एका दुपारी जेवून पडलीस ती उठली नाहीस, असं रेश्माने फोनवर सांगितलं.

दहाव्याला पाहुणे पांगल्यावर तिने मला मागे नेलं. अंगणात कंबरेइतक्या विटा, वर गोणपाट. गोणपाट ओलं होतं. "मी घालते पाणी रोज," रेश्मा म्हणाली. "आईने शेवटी ठेवलेले आंबे अजून आत आहेत. का घालते, माहीत नाही." तिने झाकण उचललं. काही आंबे सुरकुतले होते, दोन काढून टाकले असणार, त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. बाकीचे अजून टिकून होते.

तिथेच मी तिला सगळं सांगितलं. टॉर्च, अळ्या, झाकण, वही. ती माझ्याकडे न बघता गोणपाटाची घडी सारखी करत होती.

"आईला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग मला का सांगता?" तिचा आवाज वाढला नव्हता. "मी ऐकून काय करू त्याचं? आईला बिल्डिंगमधले सगळे बोलले ना तेव्हा? मग तिकडेच सांगा, त्यांच्यासमोर."

रविवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं. उभी राहून, कागदावर लिहून आणलेलं वाचून. मला वाटत होतं लोक उठून जातील, शिव्या देतील. मी वाचायला सुरुवात केली तर एकजण हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला."

"मी तिच्याबद्दल नाही बोलत," मी म्हणाले. "माझ्याबद्दल बोलतेय."

मी सगळं वाचून संपवलं. मग अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं, आता झाकण नवीन आहेच." आणि पुढचा विषय निघाला, पार्किंगच्या पट्ट्यांचा. मी म्हटलं, हे मिनिट्समध्ये लिहायला हवं. ते म्हणाले, लिहा. मी लिहिलं, आधीचा ठराव चुकीचा होता असं लिहिलं, आणि खाली राजीनामा लिहून सही केली. त्यालाही कुणी अडवलं नाही. जे सांगायला मला सात महिने धीर झाला नाही, ते ऐकून घ्यायला लोकांना पाच मिनिटंही लागली नाहीत. तू समोर बसलेली असतीस तर ती पाच मिनिटं वेगळी गेली असती. तेवढ्यासाठीच तर मी तू असतानाची वेळ टाळली.

मंगलला सांगायला स्टेशनवर गेले. ती आता आलं-लसूण विकते. "ते टिकतं," म्हणाली. माझं सगळं ऐकलं, मान हलवली, आणि मला पाव किलो आलं तोलून दिलं. मी भाव केला नाही. तिने तिकडे लक्षही दिलं नाही.

पण तुला सांगायचं आहे ते नितीनचं. मीटिंगमध्ये तो एक शब्द बोलला नव्हता. सगळे खाली उतरल्यावर मी गच्चीचा दरवाजा लावत होते, तर तो जिन्यात पायरीवर बसलेला. मला वाटलं, आता हा माझा समाचार घेईल, आणि मला बरंच वाटलं असतं, कुणीतरी घेतला असता तर.

"काकी," तो म्हणाला, "त्या विटा काढत होत्या ना, तेव्हा मी हॉस्पिटलमधून आलेलो. अंघोळीला. त्यांच्याजवळ थांबलो मी. काय बोललो माहितीय तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. तू कधी बोलली नाहीस.

"मी बोललो, माझी मुलगी मेली ना, तर तुमच्या दारात आणून ठेवीन." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "त्या फक्त बोलल्या, असं नको बोलू बाबा पोरीबद्दल. आणि आर्या घरी आली तेव्हा खाली बोलावून तिच्या हातात सीताफळ दिलं. मी ते तिच्या हातातून काढून फेकलेलं. त्यांच्या समोर."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. माझ्या गप्प राहण्याचं माप मी आजवर माझ्यापुरतं घेत होते. ते वाक्य मी नितीनच्या तोंडी घातलं होतं, आणि तुला ते ऐकावं लागलं, विटा उचलताना.

"आता कुणाला सॉरी बोलू मी?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता, मला काही उत्तर माहीत असेल अशा आशेने.

मी वहीचं पान फाडलं आणि त्यावर रेश्माचा पत्ता लिहून दिला, शहाड, पिठाच्या गिरणीच्या मागे. म्हटलं, तिथे जा, आर्याला घेऊन जा, आणि जायला उशीर करू नकोस. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "पण हा पत्ता तर त्यांच्या मुलीचा आहे."

"हो," मी म्हणाले. "आता तेवढाच आहे."